रुखमाबाईच्या कोंबड्या का मेल्या नाहीत

१

एकोणीसशे एकसष्ट सालच्या भादव्यात, केळापूर तालुक्यातल्या सावरडोह गावी, शकुबाई पाटलिणीने सकाळी खुराड्याचं दार उघडलं आणि आत एकही पांढरी कोंबडी उभी दिसली नाही. आठवडाभर एकेक करून मरतच होत्या. त्या दिवशी उरलेल्याही गेल्या. कुणाची मान लुळी पडलेली, कुणाचे पाय आखडलेले. सगळ्यांचे तुरे एरवी जास्वंदीसारखे लाल असायचे, ते चुन्यासारखे फिके झाले होते.

मी तेव्हा त्या भागात ग्रामसेविका होते. विमल माझं नाव; गावात विमलताई म्हणत. या विलायती पांढऱ्या कोंबड्या ब्लॉकाच्या, म्हणजे विकास गटाच्या, योजनेतून मीच आणल्या होत्या आणि तीन बायकांना वाटल्या होत्या. एक शकुबाई, गावचे मोठे शेतकरी पुंडलिकराव पाटील यांच्या पत्नी. बाकीच्या दोघी पाटलांच्या वाडग्यामागच्या, म्हणजे गुरांच्या आवारामागच्या, बौद्ध वस्तीतल्या सख्ख्या जावा, तुळसाबाई आणि रुखमाबाई. वाडगं आणि वस्ती यांच्यामध्ये फक्त एक नाली. गावरान कोंबडी चार दिवस अंडी देते आणि महिनाभर खुडूक बसते. ही पांढरी जवळजवळ रोज अंडं देते, असं मी सभेत सांगितलं तेव्हा बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. मग खरोखरच अंडी यायला लागली आणि शेजारपाजारच्या बायका आपलं नाव घाला म्हणून माझ्याकडे यायला लागल्या.

मी शकुबाईंच्या अंगणात पोचले तेव्हा अर्धं गाव जमलं होतं. तुळसाबाईही आपल्या मेलेल्या कोंबड्या टोपलीत घालून घेऊन आली होती. तिच्या तर एक सोडून सगळ्या दोन दिवसांत संपल्या होत्या. सरपंच मारोतराव सगळ्यांना मागे सारत होते. मानमोडीची साथ असेल, असं मी म्हणाले, पण माझं मलाच ते पटलं नाही. मानमोडी आली की गावात एक कोंबडी शिल्लक ठेवत नाही, आणि इथे तर शकुबाईंच्या गावरान कोंबड्या मेलेल्यांच्या शेजारी उकिरडा उकरत होत्या.

शकुबाई रडत नव्हत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "रुखमाबाईच्या घरी जाऊन पाहा, ताई."

मी गेले. रुखमाबाईच्या झोपडीपुढे तिच्या सगळ्या पांढऱ्या कोंबड्या लाल तुरे मिरवत दाणे टिपत होत्या.

२

दुपारपर्यंत गावाने निकाल लावून टाकला. रुखमाबाई पाटलांच्या वावरात निंदणाला जात असे, आणि कपाशीवर मारायची विषारी पावडर पाटलांच्या खळ्यावरच्या खोलीत असे. शिवाय ती रोज दिवेलागणीला दाराशी खापरात धूप जाळत असे. ही गोष्ट शकुबाईंनी बोलून दाखवली. पाच वर्षांपूर्वी वस्तीने बुद्धाचा धम्म घेतला होता, घरातले देव नदीत सोडले होते. मग शकुबाईंनी विचारलं, "देव नाई ठेवले, तर हा धूप कोनाले जायते ते?"

करणी, असा शब्द कुणीतरी मागून टाकला.

मारोतरावांनी ठरवलं की बाजाराच्या दुसऱ्या दिवशी पंचायत बसेल. रुखमाबाईवर दोष आला तर तिला गावात कुणी काम देणार नाही, आणि तिच्या कोंबड्या जप्त होतील. तिचा नवरा उकंडा पांढरकवड्याला जिनिंगात कामाला होता. घरी ती आणि तिची लहान मुलगी नलू. कापूस वेचणीचे दिवस तोंडावर आलेले. काम बंद म्हणजे गाव सोडणं, हे कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती.

मी सायकलवरून थेट पांढरकवड्याचा गुरांचा दवाखाना गाठला. तिथले डॉक्टर धरमसिंग राठोड दारव्ह्याकडच्या एका तांड्यातले. अंगाने बारीक, बोलायला सावकाश. समोरचा बोलायचा थांबला तरी ते लगेच बोलत नसत. त्यामुळे माणूस अस्वस्थ होऊन आणखी चार गोष्टी सांगून जाई. मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच गोष्ट दोनदा विचारली, गावरान कोंबड्या त्याच अंगणात होत्या का? मी हो म्हटलं.

"एकाच जागी दाणा खात होत्या?"

"एकाच जागी. एकाच परळातलं पाणी."

ते उठले आणि पिशवी भरायला लागले.

सावरडोहला पोचताच त्यांनी एक मेलेली कोंबडी मागून घेतली आणि नालीकाठी बसून ती उघडली. मी नर्सिंगचं थोडं शिकले होते, तरी मान फिरवली. त्यांनी मला हाक मारून दाखवलं. काळीज सुजलेलं होतं, आणि प्लीहा, जी एरवी लालसर बोराएवढी असते, ती फुगून काळी पडली होती. रक्त पाण्यासारखं पातळ. जिवंत कोंबडी कुणाकडे उरली आहे का, असं त्यांनी विचारलं. तुळसाबाईकडे एक शेवटचे श्वास घेत होती. तिच्या पायाच्या शिरेतून थेंब काढून त्यांनी काचपट्टीवर पसरला, वाळवला आणि कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

मग ते मारोतरावांना म्हणाले, "हे विष नाई. विषाले जात कयत नाई, सरपंच. एका परयात खानाऱ्या कोंबड्यायतून पांढऱ्या निवडून मारनारं विष मी आजवर पाह्यलं नाई."

मारोतरावांनी हात पाठीमागे बांधले. "मंग करनी म्हना."

डॉक्टर रुखमाबाईच्या झोपडीकडे चालू लागले.

३

रुखमाबाईने आम्हाला बसायला घोंगडं टाकलं आणि स्वतः चुलीपाशी उभी राहिली. तिचा आवाज खाली होता, पण नजर खाली नव्हती. तिने कोंबड्यांना काय खाऊ घातलं, पाणी कुठलं दिलं, पावडरीच्या खोलीत ती कधी गेली का, सगळ्याची उत्तरं तिने सरळ दिली. खोलीला पाटलांचं कुलूप असतं, किल्ली त्यांच्या कंबरेला.

कोंबड्या रात्री कुठे असतात, असं डॉक्टरांनी विचारलं. तिने चुलीशेजारचं डालं दाखवलं. जाळीचं खुराडं करायला तार नव्हती, म्हणून ती दिवस मावळायच्या आत त्यांना घरात डाल्याखाली झाकायची.

"आन हा धूप?"

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. डॉक्टर वाट पाहत बसले, आणि शेवटी तिनेच बोलायला सुरुवात केली.

धम्म घेतला त्याच्या दुसऱ्या वर्षी तिचा मुलगा श्रावण हिवतापाने गेला. पाच वर्षांचा होता. पांढरकवड्याच्या दवाखान्यातल्या बाईंनी तिला सांगितलं होतं की हा ताप मच्छर चावून येतो. तेव्हापासून तिने एकही संध्याकाळ चुकवली नव्हती. गोवरीच्या विस्तवावर कडुनिंबाचा ओला पाला टाकायचा, दार लोटून घ्यायचं, धूर घरभर फिरू द्यायचा.

"देवाले धूप नाई जायत मी," ती म्हणाली. "नलूसाठी जायतो. गावाले काय सांगू? पोरगं गेलं ते रोज कोनाले सांगत बसू?"

डॉक्टरांनी हात जोडले. मला वाटलं सांत्वनाला जोडले. नंतर त्यांनी मला सांगितलं की त्या क्षणी त्यांना निम्मं कोडं सुटलं होतं, आणि सोडवणारी समोर उभी होती.

तुळसाबाईकडे मात्र वेगळंच काही होतं. ती घाबरलेली होती. योजनेतून मिळालेलं खाद्य कोंबड्यांना वेळेवर दिलं का, या प्रश्नावर तिची जीभ अडखळली. मला तर तिचाच संशय यायला लागला. जावेचा हेवा, दुसरं काय. डॉक्टरांनी मला अंगणात थांबायला सांगितलं आणि तिच्याशी एकटे बोलले. बाहेर आल्यावर त्यांनी मला जे सांगितलं ते कुणाला न सांगण्याचं वचन घेऊन सांगितलं. आता तुळसाबाई नाही, म्हणून लिहिते. श्रावण महिन्यात घरात दाणा संपला होता. योजनेतून मिळालेला मक्याचा भरडा तिने कोंबड्यांना दिलाच नव्हता. त्याच्या भाकरी करून लेकरांना घातल्या होत्या.

"लेकरं ठणठणीत आहेत," डॉक्टर म्हणाले. "कोंबड्यांनी त्याला चोच लावली नाही आणि मेल्या. म्हणजे खाद्य सुटलं."

दोन्ही जावांच्या घरांमध्ये एक कुडाची भिंत. एकच विहीर, एकच उकिरडा, एकच नाली. फरक एवढाच की तुळसाबाईच्या कोंबड्या बाहेर खुराड्यात झोपत आणि रुखमाबाईच्या धुरात.

परत निघताना पाटलांच्या वाडग्याच्या कुडाजवळ डॉक्टर खाली वाकले. त्यांनी चिखलातून एक पीस उचललं आणि सदऱ्याच्या बाहीला पुसलं. राखाडी-काळं, लांबट, आणि त्यावर मेणाचे थेंब सांडून वाळावेत तसे पिवळट ठिपके.

"असलं पीस गावातल्या कुठल्या कोंबड्याचं पाहिलंय?" त्यांनी मला विचारलं.

मी पाहिलं नव्हतं. त्यांनी पाहिलं होतं, लहानपणी, तांड्यामागच्या रानात.

४

पुंडलिकरावांनी आम्हाला ओसरीवर बसवून चहा दिला. माणूस मोकळा, बोलका. बायकोच्या कोंबड्यांचा त्यांना राग होता हे त्यांनी लपवलं नाही. वाल आणि वांग्याची रोपं उकरून टाकतात म्हणून ते त्यांच्यामागे काठी घेऊन धावत. पण मारायच्या असत्या तर सुरी होती की घरात, असं म्हणून ते हसले. पावडरीची किल्ली त्यांनी कंबरेची काढून दाखवली. डबा फोडलेलासुद्धा नव्हता.

डॉक्टरांनी विचारलं, अलीकडे बाहेरून एखादं पाखरू आणलं आहे का? बदक, तितर, काहीही?

"नाई बा," पुंडलिकराव म्हणाले. "कायले आनू?"

तेवढ्यात गुरांच्या कोठ्यातून एक बांग आली. मला ती कोंबड्याच्या बांगेसारखीच वाटली, जरा तुटक, घशात अडकल्यासारखी. डॉक्टरांची बशी ओठांशी थांबली. पुंडलिकरावांनी मोठ्याने खाकरून कापसाच्या भावाचा विषय काढला. डॉक्टरांनी तो विषय चालू दिला, चहा संपवला आणि उठले.

मला वाटलं आता ते कोठा उघडायला लावतील. त्यांनी तसं केलं नाही. वाटेत मी चिडून विचारलं तेव्हा म्हणाले की घरमालकाला चोर ठरवून उघडलेल्या दारातून खरं बाहेर येत नाही. आणि अजून त्यांना त्या काचपट्टीचं उत्तर हवं होतं.

पांढरकवड्याला हिवताप निर्मूलनवाल्यांच्या कचेरीत सूक्ष्मदर्शक होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तो मागून घेतला, काचपट्टी रंगवली आणि बराच वेळ डोळा लावून बसले. मग खुर्ची मला दिली. कोंबडीच्या रक्तातल्या पेशी लांबट असतात, प्रत्येकीच्या मधोमध जांभळा ठिपका. त्यातल्या कितीतरी पेशींत दुसरंच काहीतरी शिरून बसलं होतं, निळसर, गोल, आत काळे कण. भाड्याच्या खोलीत शिरून मालकालाच एका कोपऱ्यात सारणाऱ्या बिऱ्हाडासारखं.

"हिवताप," डॉक्टर म्हणाले.

मी सूक्ष्मदर्शकावरून मान वर काढली. कोंबडीला हिवताप होतो हे मी कधी ऐकलंही नव्हतं.

"पाखरांचा. माणसाला हा होत नाही आणि माणसाचा पाखरांना होत नाही. पण नेणारा एकच. मच्छर."

म्हणजे खुनी सापडला होता. पण हे गावाला कसं पटवायचं? आणि पहिल्यांदा हा रोग त्या मच्छरांनी घेतला कुठून? पंचायत दुसऱ्या दिवशी होती.

५

पंचायत मारुतीच्या पारासमोर बसली. वस्तीतली माणसं एका बाजूला उभी. रुखमाबाई नलूचा हात धरून समोर होती. तिला कुणी बसायला सांगितलं नाही, तेव्हा डॉक्टरही बसले नाहीत.

त्यांनी सावकाश सगळं मांडलं. खाद्य नाही, विष नाही, मानमोडी नाही. कशावरून नाही तेही सांगितलं. फक्त तुळसाबाईच्या भाकरींचा उल्लेख न करता, मी तपासून पाहिलं आहे, एवढंच म्हणाले. तुळसाबाईने तेव्हा त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरलेले नाही. मग रक्तातला तो किडा. तो एका पाखराच्या अंगातून मच्छराच्या पोटात जातो, तिथे वाढतो, आणि तोच मच्छर पुढच्या पाखराला चावला की त्याच्या रक्तात उतरतो. आपल्या गावरान कोंबड्यांच्या पिढ्या इथल्याच मच्छरांत वाढल्या, त्या बहुधा तग धरतात. विलायती पांढरीला या किड्याची ओळख नाही. तिला तो मारतो.

"आन रुखमाबाईनं संध्याकायी दार लोटून मच्छर बाहेर ठेवले," ते म्हणाले. "लेकरासाठी ठेवले. कोंबड्या वाचल्या त्या तिच्या लेकराच्या पुण्याईनं."

नलू आईच्या लुगड्यात तोंड लपवून उभी होती.

मारोतरावांनी विचारलं, आणि ते बरोबरच होतं, की मच्छर तर दरसाल असतात, मग औंदाच हा किडा कुठून आला? डॉक्टरांनी खिशातून ते पीस काढून पारावर ठेवलं. हे रानकोंबड्याच्या मानेचं पीस. रानकोंबडा हा किडा अंगात बाळगून मजेत फिरतो, त्याला काही होत नाही. रानात असेल तर कुणाचंच बिघडत नाही. पण गावात, वस्तीच्या नालीशेजारी, कुणीतरी एक रानकोंबडा आणून ठेवला आहे. कुणी, ते मला ठाऊक आहे, पण मी सांगणार नाही, असं म्हणून ते थांबले.

त्यांचं ते थांबणं मला आता ओळखीचं झालं होतं. पुंडलिकराव पायाच्या अंगठ्याने माती उकरत होते.

बोलल्या त्या शकुबाई. बायकांच्या घोळक्यातून पुढे आल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आमच्या कोठ्यात हाय," त्या म्हणाल्या. "झरीकडच्या रानातून आनला. हिवाळ्यात झुंजीले लावतो म्हने. जंगलवाल्यायले कयू नये म्हून लपवला. मीच त्याले रोज दाना टाकतो. मले नवतं मालूम, डाक्टरसायेब."

मग वळून रुखमाबाईच्या समोर उभ्या राहिल्या.

पुंडलिकराव उठून गेले. माणसं समजली की रागाने गेले. थोड्या वेळाने ते स्वतःच्या हाताने पिंजरा घेऊन आले आणि पाराखाली ठेवला. आत तो रानकोंबडा होता, मानेवर मेणाच्या ठिपक्यांची झूल, डोळ्यात काडीचंही भय नाही. पुंडलिकराव म्हणाले की आपण बाईवर आळ येऊ दिला, आणि कोठ्यातल्या पाखराचा याच्याशी काही संबंध असेल हे मनात आलं नाही असं नाही. आलं होतं, आणि गप्प बसलो. एवढं बोलून ते खाली बसले.

तरी निम्म्या लोकांना ते पटेना. मच्छर आम्हालाही चावतात, आम्ही कुठे मेलो? धुराने करणीच झाली नसेल कशावरून? डॉक्टर म्हणाले की पटवायचा एकच मार्ग आहे. हा किडा अंगात नसलेल्या दोन पांढऱ्या कोंबड्या पिंजऱ्याशेजारी ठेवायच्या, एक उघडी आणि एक मच्छरदाणीत. दाणा एक, पाणी एक, जागा एक. पण अशा निरोगी कोंबड्या गावात एकाच घरी होत्या. आणि त्या मागायचा मला अधिकार नाही, असंही ते म्हणाले.

रुखमाबाईने फार विचार केला नाही.

"माह्यातल्या दोन न्या," ती म्हणाली. "एक मेली तं मेली. पन मंग कोनी माह्या धुराले नाव नाई ठेवाचं."

६

कोंबड्या शकुबाईंच्या अंगणात ठेवल्या. मच्छरदाणी पुंडलिकरावांच्या स्वतःच्या पलंगावरची. दोघींना दाणा शकुबाईंनी स्वतः टाकायचा, कुणी म्हणायला नको की वस्तीतल्या कुणी हात लावला. संध्याकाळी गावातली माणसं मुद्दाम तिकडून जात, कुडावरून डोकावत. रुखमाबाई रोज येई, दाराबाहेर उभी राहून पाही आणि निघून जाई. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शकुबाईंनी तिला आत ये म्हटलं. पुढल्या दिवशी बसायला पाट दिला.

नवरात्र तोंडावर आलं आणि उघड्या कोंबडीने दाणा सोडला. तुरा फिका पडला, विष्ठा हिरवी झाली. मच्छरदाणीतली दिमाखात अंडं घालून ओरडत होती. शकुबाईंनी गडी पाठवून मला बोलावलं, आणि मी डॉक्टरांना. त्यांनी पायाच्या शिरेतून थेंब घेतला, आणि या वेळी सूक्ष्मदर्शक गावातच आणला. मारोतरावांनी डोळा लावला, पुंडलिकरावांनी लावला. मग डॉक्टरांनी रुखमाबाईला बोलावलं. ती खूप वेळ पाहत राहिली.

"माह्या श्रावनच्या रक्तात असंच होतं?"

"असंच. याचा भाऊबंद."

कोंबडी मरणार असं सगळ्यांनी धरलंच होतं. डॉक्टरांनी खिशातून हिवतापाची गोळी काढली, माणसांना देतात तीच, आणि तिचा छोटा तुकडा पाण्यात कुटला. ही गोळी माणसाच्या तोंडात जायच्या आधी कोंबडीच्या पिलांवरच पारखली गेली होती, असं त्यांनी सांगितलं. आता त्यांचं देणं परत करू या. रोज तेवढा तुकडा चमच्याने पाजायचं काम शकुबाईंनी मागून घेतलं. कोंबडीला त्यांनी माजघरात आणून ठेवलं. पुंडलिकराव कुरकुरले नाहीत. हळूहळू ती मान उचलायला लागली, आणि एका सकाळी उठून थेट वालाच्या वेलाकडे गेली.

त्याच संध्याकाळी मी रुखमाबाईच्या दारात बसले होते. नाली ओलांडून शकुबाई आल्या. हातात रिकामं खापर. पाटलांच्या घरातल्या बाईने वस्तीच्या चुलीतला विस्तव मागितल्याचं गावात कुणी पाहिलं नव्हतं. शकुबाईंच्या घरी चूल पेटलेली होती, हे मला ठाऊक होतं आणि रुखमाबाईलाही.

"रुखमाबाई," शकुबाई म्हणाल्या, "विस्तव देता का? आन निंबाचा पाला किती टाकाचा तेही सांगा."

रुखमाबाईने चुलीतले निखारे चिमट्याने उचलून त्या खापरात ठेवले. माफी कुणी मागितली नाही आणि दिलीही नाही. दोघी नालीपर्यंत सोबत चालत गेल्या.

रानकोंबडा पुंडलिकरावांनी स्वतः बैलगाडीतून झरीकडे नेऊन सोडला. ब्लॉकाच्या योजनेला मी नवी अट जोडून घेतली, खुराड्याला बारीक जाळी किंवा संध्याकाळचा धूर. तुळसाबाईला पुन्हा कोंबड्या मिळाल्या. त्या खेपेला मी खाद्यासोबत घरासाठी ज्वारीही मिळवून दिली, काही न विचारता.

पण मी हे सगळं लिहायला बसले ते कोंबड्यांसाठी नाही. डॉक्टर निरोप घ्यायला आले तेव्हा रुखमाबाईने त्यांना विचारलं, कोंबडीचा किडा रक्तात दिसतो, गोळीने मरतो, तर लेकरांचाही वेळेत दिसेल ना? डॉक्टर म्हणाले, दिसेल, पण लोक बोटाला सुई टोचू देत नाहीत. हिवतापवाले ताप आलेल्यांचं रक्त घ्यायला गावोगाव येत, आणि त्यांना पाहिलं की बाया लेकरांना घेऊन वावरात पळत. मग त्यांनी तिला आणखी एक गोष्ट सांगितली. हिवताप मच्छर नेतो, हा पक्का पुरावा साठेक वर्षांपूर्वी कलकत्त्यात मिळाला, आणि तो माणसांवर नाही, चिमण्यांसारख्या लहान पाखरांवर मिळाला. त्यांच्या रक्तातूनच जगाला हे कळलं.

पुढच्या पावसाळ्यात हिवतापवाला आला तेव्हा रुखमाबाई त्याच्यासोबत घरोघर फिरली. पहिल्यांदा स्वतःचं बोट पुढे करायची, मग नलूचं. पाटलांच्या घरात शकुबाईंनी गडीमाणसांना रांगेत उभं केलं. तुळसाबाईच्या धाकट्याच्या रक्तात किडा सापडला, गोळ्या मिळाल्या, आणि आठवड्यात पोरगा बैल घेऊन रानात गेला. त्या वर्षी सावरडोहमध्ये हिवतापाने एकही लेकरू गेलं नाही.

माझी बदली झाली त्या महिन्यात मी रुखमाबाईला शेवटचं पाहिलं. एका दारात एक तरुण आई तापलेलं मूल छातीशी धरून मागे सरकत होती, आणि रुखमाबाई तिच्याजवळ उकिडवी बसून त्या मुलाची मूठ हळूच सोडवत होती.

"भिऊ नको, बाई," ती म्हणत होती. "एकच थेंब. हे आपल्याले चिमन्यायनं शिकवलं. त्यायचे लय उपकार हायेत."